दिघ्यातली बाळंतपणं: काम सुधारलं हे मोजायचं कशावरून?

घणसोलीकर

नमस्कार मंडळी. नवी मुंबईतल्या दिघ्यात, इलठणपाड्याच्या बाजूला डोंगरउतारावर ज्या वस्त्या आहेत, तिथल्या गरोदर बाया आणि दोन वर्षांच्या आतली मुलं यांच्यासाठी आमची छोटी संस्था काम करते. सहा वर्षं झाली. आम्ही नऊजणी, त्यातल्या आठ वस्तीतल्याच. लोकवस्ती २० हजारांच्या आसपास, वर्षाला साधारण ३०० बाळंतपणं.

यंदा देणगीदारांचं पत्र आलं: तुमच्या कामामुळे मातामृत्यू आणि बालमृत्यू किती घटले ते मार्चअखेर आकड्यांत कळवा. तीन रात्री रजिस्टरं पुढ्यात घेऊन बसले. सहा वर्षांत त्यात एकही मातामृत्यू नाही. पण एक बाई गेलेली आहे, हे मला माहीत आहे. बांधकामावर बिगारी होती. आठव्या महिन्यात माहेरी गेली, बाळंतपणानंतर अंगावरून फार गेलं, तालुक्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दोन महिन्यांनी तिची जाऊ पाण्याच्या टँकरपाशी भेटली तेव्हा कळलं. तोवर आमच्या कार्यकर्तीने तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहून ओळ बंद केली होती. मृत्यू शून्य असं कळवायला माझा हात धजत नाही.

दुसरं दुखणं जन्मवजनाचं. परवा एक पान मोजलं. २२ बाळं, त्यातली ११ बरोबर अडीच किलोची. अडीचच्या खाली गेलं की कमी वजनाचं बाळ, मग पाठपुरावा, प्रश्न, वरच्यांचे फोन. आमच्याकडे कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण दरवर्षी घटतंय, आणि माझा त्यावर विश्वास नाही.

हिमोग्लोबिनचंही तसंच. आधी साहलीच्या नळीने, डोळ्यांनी रंग जुळवून बघायचो, गेल्या पावसाळ्यापासून डिजिटल यंत्र आलं. ११ च्या खालच्या, म्हणजे रक्त कमी असलेल्या बाया एका तिमाहीत निम्म्या झाल्या. हे लोहाच्या गोळ्यांमुळे की यंत्रामुळे?

आमचं काम वाया गेलेलं नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ते खरेपणाने दाखवायचं कसं? अनुभवी लोकांनी सांगा.

खारेगावची सिस्टर

ताई, मी ३१ वर्षं एएनएम, म्हणजे बाळंतपणं बघणारी सरकारी नर्स होते, बरीचशी ठाणे जिल्ह्यातच. तुमचं 'स्थलांतरित' वाचून पोटात कालवलं, कारण माझ्याही रजिस्टरांत अशा ओळी असतील.

रजिस्टर बाजूला ठेवा आणि बाईच्या हातातलं माता-बाल संरक्षण कार्ड बघा. ते पत्र्याखालच्या फळीवर, देवाच्या तसबिरीमागे नाहीतर रेशनकार्डाच्या पिशवीत असतं. चार तपासण्या झाल्या एवढ्यावर थांबू नका. पहिली १२ आठवड्यांच्या आत झाली का? चारही वेळा रक्तदाब घेतला का? मी एक कार्ड पाहिलं होतं, चारही ओळींत ११०/७०, एकच शाई, एकच अक्षर, एका बैठकीत भरलेलं. त्या बाईच्या पायावर बोट दाबलं तर खळगा पडत होता, इतकी सूज होती. तेव्हा किती तपासण्या झाल्या हे कमी बोलतं. ज्यांच्या चार झाल्या त्यांपैकी कितीजणींचा रक्तदाब, लघवी, दोनदा हिमोग्लोबिन खरंच बघितलं, हे जास्त बोलतं.

लोहाच्या गोळ्यांचंही तेच. १८० वाटल्या हे तुमचं काम झालं, बाईच्या पोटात किती गेल्या ते वेगळं. घरी जाऊन रिकाम्या पट्ट्या मागा. मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून गोळ्या पिठाच्या डब्यामागे पडलेल्या मी स्वतः काढल्यात. रागावू नका मात्र, नाहीतर पुढच्या वेळी रिकामी पट्टी तयार ठेवतील.

हिमोग्लोबिनसाठी एकच करा. दहा-बारा बायांचं एकाच दिवशी दोन्ही पद्धतींनी बघा. साहलीत तपकिरी रंग डोळ्यांनी जुळवायचा असतो, ढगाळ दिवशी आणि उन्हात एकाच रक्ताचा आकडा बदलतो. फरक एकाच बाजूला पडत असेल तर जुने-नवे आकडे एका आलेखावर जोडूच नका. नव्या यंत्रापासून नवी सुरुवात.

आणि तुम्ही घरभेटीला वापरता त्या वजनकाट्यावर दर सोमवारी मिठाचे दोन सीलबंद पुडे ठेवून बघा. दोन किलो आणि वर पिशवीचं किंचित, तेवढंच यायला हवं.

मोजपट्टी

मी संख्याशास्त्र शिकवतो, ऐरोलीत राहतो. मृत्यूंचं आधी बोलतो, कारण देणगीदारांनी तुमच्याकडे अशक्य गोष्ट मागितली आहे आणि ते त्यांना सांगायला हवं.

सरकारच्या नमुना नोंदणीच्या (एसआरएस) २०१८-२० च्या आकड्यांत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू आहेत, देशात ९७. तुमच्याकडे वर्षाला ३०० जन्म. राज्याचा दर धरला तर दहा वर्षांत एक मृत्यू येईल, देशाचा धरला तर साडेतीन वर्षांत एक. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, ना चांगलं ना वाईट. अर्भकमृत्यूंचा राज्याचा दर २०२० साली हजारी १६ होता, म्हणजे तुमच्याकडे वर्षाला पाच. एका वर्षी तीन आणि पुढच्या वर्षी सात हे नुसत्या योगायोगानेही होतं.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळांची घरी काळजी घेऊन मृत्यू घटतात हे दाखवलं, तेव्हा ३९ गावांत काम केलं आणि ४७ गावं तुलनेसाठी मोजली. १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं त्यात होतं. तुलनेची गावं नसती तर कुणीही म्हटलं असतं, काळाबरोबर मृत्यू सगळीकडेच घटतात, यात तुमचं काय? एका वस्तीच्या बळावर हे होत नाही.

म्हणजे मृत्यू सोडून द्या असं नाही. तुमच्या त्या बाईचा लिहाच. घरातून निघायला किती वेळ लागला, वाटेत किती, पोचल्यावर उपचार सुरू व्हायला किती. तीन उशीर म्हणतात त्यांना. टक्केवारीत तो मृत्यू हरवेल, असा लिहिला तर कुणाला ओलांडून जाता येणार नाही.

आकडे सेवांचे द्या. प्रत्येक कार्यकर्तीच्या भागातल्या गेल्या वर्षभरातल्या सगळ्या बाळंतिणींची नावं डब्यात टाका, 'स्थलांतरित' धरून, आणि १९ चिठ्ठ्या काढा. एखादी सेवा ८० टक्के बायांपर्यंत पोचावी असं उद्दिष्ट असेल तर १९ पैकी निदान १३ जणींना ती मिळालेली हवी (८० टक्के म्हणजे १५, पण इतक्या कमी चिठ्ठ्यांत दोन-तीन योगायोगानेही कमी पडतात). १२ किंवा कमी निघाल्या तर त्या भागात आधी लक्ष घाला. आठ भागांच्या मिळून १५२ बाया होतात, त्यावरून सगळ्या वस्तीची टक्केवारी बरी निघते. भाग लहान-मोठे असतील तर टक्केवारी काढताना मोठ्या भागाचा वाटा त्या प्रमाणात जास्त धरा. आणि कुणीही आपल्याच भागात विचारायचं नाही, अदलाबदल करा. सहा महिन्यांनी पुन्हा हेच.

अडीच किलोचं तुम्ही स्वतःच पकडलंत. कमी वजनाचं प्रमाण अहवालात देऊ नका, बरोबर अडीचवर किती नोंदींचा ढीग पडतो ते द्या. अडीचवर पडणाऱ्या नोंदी निम्म्यावरून पाचव्या हिश्शावर आल्या तर नोंद सुधारली. त्यानंतरच कमी वजनाचं बोला. आधी ते प्रमाण वाढलेलं दिसेल, हेही आत्ताच कळवून ठेवा.

तुर्भे_स्टोअर

मी आशा कार्यकर्ती आहे. एकच विनंती, तुमच्या कार्यकर्तींना आणखी एक रजिस्टर देऊ नका.

अडीच का लिहिलं जातं ते सांगते. २.३ लिहिलं की पहिला प्रश्न मला, तू काय करत होतीस? ती बाई नऊ महिने काय खात होती ते कुणी विचारत नाही. खरं वजन लिहिणारीला बोलणी बसणार नाहीत हे आधी तुमच्या आठजणींना सांगा, मग बघा.

दवाखान्यात बाळंत झालेलीच्या घरी आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातो. पहिलटकरीण माहेरी असली की घराला कुलूप. तुमच्याकडचं अर्धं दिघं कळव्याला बाळंत होत असणार, ते तर हद्दीपलीकडे, ठाण्यात. म्हणून मी सातव्या महिन्यातच तीन नंबर घेते: तिचा, आईकडचा आणि इथल्या शेजारणीचा. शेजारणीचा सगळ्यात कामाला येतो.

लसींचं सोपं आहे. पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा, पहिला डोस सहाव्या आठवड्याला, तिसरा चौदाव्याला. पहिला घेतलेल्यांपैकी किती बाळं तिसऱ्याला आली, एवढंच मोजा. त्याला लोकसंख्येचा अंदाज लागत नाही.

घणसोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी बैठकीत आधी वजनाचंच बोलले. एकजण रडली. म्हणाली, मी दोन वर्षं घाबरून अडीच लिहितेय.

मग इलठणपाड्याच्या १९ चिठ्ठ्या काढल्या. ११ जणी घरी भेटल्या, दोघींची कार्डं पावसात भिजून गेलेली. पाचजणी माहेरी किंवा गावी, त्यांतल्या चौघींशी फोनवर बोलले. एकीचं बाळ विसाव्या दिवशी गेलं होतं, आम्हाला पत्ताच नव्हता. उरलेल्या तिघी खोली सोडून गेल्या. चारही वेळा रक्तदाब घेतल्याची नोंद फक्त सात कार्डांवर सापडली.

देणगीदारांना कालच कळवलं की मृत्यूचा दर देणार नाही, का ते हिशोबासकट लिहिलं. त्या बाईची ओळ उघडून 'स्थलांतरित' खोडलं आणि तारीख घातली. जावेने तिथीच सांगितली होती, कॅलेंडरवरून काढली.

एक राहिलं. खोली सोडून गेलेल्या त्या तिघी आणि फोन न लागलेली एक, यांच्याऐवजी दुसऱ्या चिठ्ठ्या काढायच्या का?

मोजपट्टी

नाही. त्या १९ मध्येच राहतील. त्यांच्यासाठी 'सापडली नाही' असा वेगळा रकाना करा आणि सेवा मिळालेल्यांत धरू नका.