मदत हवी आहे: घरात भरणाऱ्या मंडळीचे दोन गट कसे करावेत?
आमची ख्रिस्ती मंडळी एका कुटुंबाच्या बैठकीच्या खोलीत जमते. वचनाचा अभ्यास, एकमेकांसाठी प्रार्थना आणि एकाच भाकरीतून प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर वाटून घेण्याचा विधी), असा साधा क्रम असतो. आता माणसे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत बसू लागल्याने दोन गट करावेत असे काहींचे म्हणणे आहे; परंतु ज्यांच्यासमोर मन मोकळे केले त्यांच्यापासूनच वेगळे व्हायचे, या कल्पनेने वयस्कर सभासद अस्वस्थ आहेत. सीरियातील दुरा-युरोपस या प्राचीन शहरात ३ऱ्या शतकात ख्रिस्ती लोकांनी दोन खोल्यांमधली भिंत पाडून घरातच सभागृह केले होते (यजमानांना तसे सुचवण्याचे धाडस अर्थात कोणी करणार नाही). ज्यांनी अशी विभागणी केली आहे, त्यांनी गट कशाच्या आधारे ठरवले, दुसऱ्या गटाची जबाबदारी कोणाकडे सोपवली आणि एकत्र उपासना किती दिवसांनी ठेवली, हे कृपया सांगावे.