सोयाबीननंतर हरभरा: रोटाव्हेटर मारावा का?

प्रश्न (निपाणी): सोयाबीनची काढणी झाली आहे, पण काळ्या रानात ओल बरीच आहे. हरभऱ्यासाठी लगेच रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे ट्रॅक्टरचे अवजार) मारावा की वापशाची, म्हणजे रान मशागतीजोगे सुकण्याची, वाट पाहावी?

उत्तर (चिकोडी): दादा, कृपया घाई करू नका. मुठीत दाबलेला मातीचा गोळा खाली टाकल्यावर फुटला, तरच वापसा आला असे समजावे. ओल्या रानात रोटाव्हेटरची पाती खालचा थर घट्ट करतात आणि हरभऱ्याची मुळे तिथेच अडतात.

उत्तर (अथणी): सहमत आहे. कुळवाची (माती वरवर मोकळी करणाऱ्या अवजाराची) एक पाळी देऊन दोन ओळींत ३० सें.मी. अंतर ठेवून हरभरा पेरावा. सोयाबीन बियाण्यासाठी ठेवणार असाल, तर मळणी यंत्राच्या ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० च्या आत ठेवावेत, कारण सोयाबीनच्या दाण्याची साल फार नाजूक असते आणि मार लागलेला दाणा नीट उगवत नाही.