मदत हवी आहे: अमृतसर, डिसेंबरअखेर, सोबत गुडघेदुखीची आई

नांदेडहून सचखंड एक्सप्रेसने निघतोय. गाडी दुसऱ्या दिवशी रात्री पोहोचते, त्यात तिकडचं धुकं, म्हणून तो दिवस हिशेबातच धरलेला नाही. डोकं झाकणं, जोडाघरात (चपला ठेवण्याची जागा) चपला देणं हे नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वारामुळे सवयीचं आहे. अडचण आईची. हरिमंदिर साहिबात (सुवर्णमंदिरात) मोजेही काढावे लागतात, दाराशी पाय धुण्याच्या उथळ पाण्यातून जावं लागतं आणि पुढे गार संगमरवर. परिक्रमेत अंथरलेल्या पट्ट्यांवरून चालता येतं, पण खरी कसोटी सरोवरातल्या पुलावरची रांग. तिथे टेकायला जागा नाही.

१) व्हीलचेअर कुठल्या दाराशी मिळते आणि पुलावर वृद्धांना वेगळी वाट देतात का?
२) लंगरमध्ये जमिनीवर बसता न येणाऱ्यांची काय सोय असते?
३) रात्री गुरू ग्रंथ साहिबांची पालखी अकाल तख्ताकडे (त्याच आवारातलं शिखांचं धर्मपीठ) जाते, ती हिवाळ्यात साधारण किती वाजता?
४) अटारी-वाघा सीमेवरचा ध्वज उतरवण्याचा सोहळाही बघायचाय, अटारी जवळपास ३० किमी. बॅग आत नेऊ देत नाहीत, मग आईची औषधं, शाल कशात न्यायची?

जालियनवाला बाग चालत पाच-दहा मिनिटांवर, ते जमेल. नुकतेच जाऊन आलेल्यांनीच सांगा, ऐकीव नको.