व्हिडिओ निम्मे करा, प्रश्न दुप्पट करा

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

ऑनलाइन कोर्स तयार होताना पैसा कुठे जातो बघा. कॅमेरा, स्टुडिओ, ॲनिमेशन, वक्त्याचं मानधन. सरावाचे प्रश्न शेवटच्या आठवड्यात कुणीतरी घाईघाईने पाडतं, तेही ‘वरीलपैकी सर्व’ छापाचे. माझं म्हणणं, हे उलटं करा. व्हिडिओ निम्म्यावर आणा आणि वाचलेला पैसा प्रश्नांवर घाला. त्याहीपेक्षा, उत्तर चुकल्यावर शिकणाऱ्याला काय दिसतं त्यावर घाला.

कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या केनेथ कोडिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मानसशास्त्राच्या एका खुल्या ऑनलाइन कोर्सच्या नोंदी तपासल्या. जास्तीचे व्हिडिओ पाहणं किंवा जास्तीचं वाचणं यांच्या तुलनेत जास्तीचा सराव करण्याचा शिकण्याशी असलेला संबंध सहापटीहून मोठा निघाला. त्याआधी २०१३ मध्ये कार्ल श्पुनार, नोव्हॉल खान आणि डॅनियल शॅक्टर यांनी संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. प्रत्येक तुकड्यानंतर ज्यांना छोटी चाचणी दिली त्यांचं मन कमी भरकटलं, त्यांनी टिपणं जास्त काढली आणि शेवटच्या परीक्षेची धास्तीही कमी घेतली.

तरी चर्चा कसली चालते? व्हिडिओ सहा मिनिटांचा असावा की नऊ! तो सहा मिनिटांचा ‘नियम’ आला एडएक्स या ऑनलाइन कोर्सांच्या मंचावरच्या चार कोर्सांच्या अभ्यासातून (२०१४, सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्याच्या नोंदी). त्यात मोजलं होतं ते लोक किती वेळ टिकून बघतात हे. शिकतात किती, हे त्यात मोजलेलंच नाही.

आकडेमोड

सहापट हा आकडा फार लवकर खिशात घातलात. जो सराव करतो तो मुळातच जिद्दीचा असतो. जिद्दीचा माणूस जास्त गुण मिळवतो, त्यात प्रश्नांचं कर्तृत्व किती? नोंदींवरून कार्यकारणभाव काढायचा म्हणजे छत्रीमुळे पाऊस पडतो म्हणण्यासारखं आहे. आणि श्पुनार वगैरेंचा प्रयोग नीट केलेला असला तरी एक व्याख्यान, एक बैठक, छोटे गट. त्यावर सगळ्या कोर्सांचं बजेट फिरवायचं?

पाटीपेन्सिल

शंका रास्त आहे, पण ती कोडिंगर यांनाही आली होती. २०१६ च्या पुढच्या लेखात त्यांनी एकाच विद्यार्थ्याने कोर्सच्या एका घटकात केलेला सराव आणि इतर घटकांत केलेला सराव वेगळे काढले. सगळा खेळ जिद्दीचा असता तर त्या घटकातल्या गुणांशी दोन्हींचा संबंध सारखाच दिसायला हवा होता. तसं झालं नाही. त्याच घटकातला सराव वेगळा उठून दिसला. शिवाय आठवून उत्तर दिल्याने स्मरण टिकतं, हे प्रयोगशाळेत कित्येकदा तपासून झालंय. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग तर प्रसिद्धच आहे: पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे.

चौथा_बाक

तुम्ही दोघं शिकणाऱ्याबद्दल बोलताय, मी शिकणाराच आहे. नोकरी सांभाळून रात्री दीडपट वेगाने व्हिडिओ बघतो. मध्येच पडदा गोठतो आणि विचारतो, ‘आत्ता सांगितलेल्या तीन घटकांपैकी पहिला कोणता?’ अरे, आत्ताच सांगितलंस ना! असल्या प्रश्नांनी शिक्षण होत नाही, चिडचिड होते. मग मी कोर्स सोडतो. तुमच्या अभ्यासात माझी गणती कुठे?

पाटीपेन्सिल

तो प्रश्न वाईट आहे, कबूल. पण चिडचिड हा वाईट शिकवण्याचा पुरावा होत नाही. हार्वर्डमधल्या लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गात हेच दाखवलं. ज्यांना स्वतः डोकं चालवायला लावलं ते जास्त शिकले, पण ‘आपण कमी शिकलो’ असं त्यांनाच वाटलं. गुळगुळीत व्याख्यान ऐकणारे उलट खूश होते. आपण मात्र कोर्सची किंमत पाच ताऱ्यांत मोजतो.

फळ्यापुढची

वीस-एक वर्षं शिकवतेय, म्हणून जरा परखड लिहिते. पाटीपेन्सिल, तुम्ही ज्यांचं शिकणं सुधारायला निघालात ते आहेत किती? हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या कोर्सांचा हिशेब २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३.१३ टक्क्यांनी कोर्स पूर्ण केला. पुढच्याच वर्षी रेने किझिलसेक आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. सुमारे अडीचशे कोर्स, अडीच लाख विद्यार्थी. सुरुवातीला वेळापत्रक आखून घेणं, ध्येय लिहून घेणं वगैरे छोट्या अभ्यासांत चमकलेल्या युक्त्या तिथे लावल्या. पहिले काही आठवडे थोडी हालचाल दिसली, कोर्स पूर्ण होण्यावरचा परिणाम मात्र शून्याच्या जवळ. चौथा बाक मध्येच उठून जातो तेव्हा त्याला थांबवणारं कुणी नसतं, हा खरा प्रश्न आहे. प्रश्नावली कितीही सुबक करा.

माइंडस्पार्क या संगणकावर सराव देणाऱ्या प्रणालीचा दिल्लीतला प्रयोग सगळे सांगतात: साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ प्रमाण विचलनाइतकी (गुणांचा पसारा मोजायचं माप) वाढ. पण मुलं शाळेनंतर ठरलेल्या वेळी केंद्रावर यायची. ९० मिनिटांतली निम्मी संगणकापुढे आणि निम्मी सहायक शिक्षकासोबत छोट्या गटात. हा अर्धा भाग सांगताना गळतो.

पाटीपेन्सिल

गळत नाही, लेखकांनीच त्यावर लिहिलंय. वाढीचं श्रेय मुख्यतः संगणकावरच्या कामाला जातं असा त्यांचा युक्तिवाद आहे. कारण त्या मुलांपैकी बरीचशी आपल्या इयत्तेच्या कितीतरी मागे होती आणि प्रणाली प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पातळीवरचा प्रश्न देत होती. एका फळ्यापुढे ते शक्य नाही. हा तुमचा दोष नाही, वर्गाच्या रचनेचा आहे.

फळ्यापुढची

युक्तिवाद आहे, वेगळं करून मोजलेलं नाही. आणि वेळेवर आणून बसवलं कुणी?

सरळरेषा

तुम्ही सगळे दहा वर्षं मागे आहात. आता एआय शिकवणीच शिकवेल. हार्वर्डच्याच भौतिकशास्त्राच्या वर्गातला २०२५ मध्ये छापलेला प्रयोग बघा. चांगल्या, प्रश्नोत्तरं घेणाऱ्या वर्गाशी तुलना होती, तरी एआयसोबत घरी शिकलेले दुपटीहून पुढे गेले आणि तेही कमी वेळात. प्रश्न लिहिणारा माणूस हवा कशाला?

आकडेमोड

मोजके धडे, निवडक विद्यार्थी, लगेच घेतलेली चाचणी. दुसरा प्रयोगही बघा. तुर्कस्तानातल्या एका शाळेत हजारेक विद्यार्थी, गणित. साधा चॅटबॉट मिळालेल्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले, पण तो काढून घेऊन परीक्षा घेतली तर ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्के कमी. उत्तर मागायचं, उतरवायचं, झालं.

पाटीपेन्सिल

त्याच प्रयोगात तिसरा गट होता. त्यांच्या चॅटबॉटला थेट उत्तर द्यायची मनाई होती, फक्त इशारे द्यायचे. सरावात १२७ टक्के वाढ आणि नंतरचं नुकसान जवळपास नाहीसं. मॉडेल तेच, मांडणी वेगळी. माझा धागा यावरच तर आहे.

फळ्यापुढची

नुकसान नाहीसं झालं, फायदाही झाला नाही, हेही लिहा. आणि ते इशारे, नेहमीच्या चुका, बरोबर रीत हे सगळं शिक्षकांनी तयार करून दिलं होतं, सरळरेषा. शिवाय प्रयोगात मुलाकडे एकच चॅटबॉट होता. घरी इशारे देणारा एका टॅबमध्ये आणि उत्तर देणारा शेजारच्या टॅबमध्ये. मूल कुठे जाईल, सांगा.

पाटीपेन्सिल

जाईल. म्हणून गुण सरावाला द्यायचेच नाहीत. उतरवून काही मिळत नसेल तर उतरवायचं कशाला?

आकडेमोड

गुण नसतील तर सराव करायचा कशाला, हेही तोच विद्यार्थी विचारेल.

चौथा_बाक

माझी मागणी साधी आहे. प्रश्न चांगले लिहा, लिहिणाऱ्याला पैसे द्या, पण वगळायचं बटण ठेवा.

पाटीपेन्सिल

ठेवतो. पण वगळलेला प्रश्न तीन दिवसांनी दुसऱ्या रूपात परत येईल.

चौथा_बाक

मी तेव्हाही वगळेन.