मोठ्या कंपनीशिवाय बँड टिकत नाही? फुगाझी ऐका
मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार नसेल तर रॉक बँड चार-पाच वर्षांत गाशा गुंडाळतो, असं कुणीतरी लिहिलंय. मग फुगाझीचं काय? १९८७ पासून २००२ पर्यंत वॉशिंग्टन डीसीचा हा बँड वाजवत राहिला आणि एकही अल्बम मोठ्या कंपनीकडे गेला नाही. बँडचा गायक-गिटारवादक इयन मकाय स्वतःच डिस्कॉर्ड या छोट्या रेकॉर्ड कंपनीचा सहसंस्थापक, त्यामुळे रेकॉर्ड घरचीच. तिकीट शक्यतो पाच डॉलर आणि प्रवेश सगळ्या वयाच्या लोकांना, यावर ते अडून बसायचे. बँडच्या नावाचे टी-शर्टसुद्धा विकले नाहीत. गर्दीत कुणी धसमुसळेपणा करून इतरांना त्रास द्यायला लागला, की वाजवणं थांबवायचे, पाकिटात घातलेले पाच डॉलर त्याच्या हातात ठेवायचे आणि त्याला बाहेर काढायचे!

पण नुसत्या तत्त्वांवर पंधरा वर्षं निघत नाहीत, गाणी तशी लागतात. त्यांचं 'वेटिंग रूम' घ्या. जो लॅलीची बास गिटार सुरू होते, ड्रम आणि गिटार येऊन मिळतात, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सगळं एकदम बंद. काही सेकंद निव्वळ शांतता, मग पुन्हा तीच चाल. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. २००१ च्या 'द आर्ग्युमेंट' या अल्बममध्ये तर चेलोही (व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य) आहे.

नव्याने ऐकणाऱ्यांनी '१३ साँग्ज' या अल्बमपासून सुरुवात करावी, 'द आर्ग्युमेंट' मागाहून.