मदत हवी आहे: कडक वाळलेल्या टोमॅटोला बरणीत बुरशी आली

नमस्कार. भाज्या घरी वाळवायला मी यंदाच सुरुवात केली. गाजर, फरसबी पहिल्याच खेपेला छान वाळली. टोमॅटो मात्र दोन्ही वेळा वाया गेले.

बोटभर जाडीच्या चकत्या केल्या. लवकर व्हाव्यात म्हणून ड्रायर पहिले दोन तास 75 अंशांवर ठेवला, मग 60 वर आणला. सहा तासांत चकत्या कागदासारख्या वाजायला लागल्या, तशाच गरम गरम बरणीत भरल्या. दुसऱ्या दिवशी काचेला आतून घाम फुटला होता आणि आठव्या दिवशी पांढरी लव दिसली. एक चकती मोडून पाहिली. कडा करकरीत, पण बियांच्या खाचेतला गर अजून बोटाला चिकटत होता.

तापमान चुकलं की जाडी? आणि वरची बुरशी काढून बाकीच्या वापरता येतील का? फार मेहनत गेली आहे, टाकवत नाही.

प्रतिसाद १: ताई, वाईट वाटेल, पण अख्खी बरणी टाका. डोळ्यांना दिसते ती वरची लव, बुरशीचे तंतू आतवर गेलेले असतात. घोटाळा सुरुवातीच्या 75 अंशांनी केला. बाहेरचा थर झटकन आवळून कडक झाला, त्यामुळे आतल्या पाण्याला वाट उरली नाही. पहिल्यापासून 55 ते 60 अंशच ठेवा आणि चकत्या सहा-सात मिलिमीटरच्या करा. वेळ दुप्पट लागला तरी लागू द्या. गरम असताना हात लावून वाळल्याचा अंदाज येत नाही. एक चकती पूर्ण गार करून मोडा, आत ओल दिसली तर परत ड्रायरमध्ये.

प्रतिसाद २: वरच्याशी सहमत. गरम भरल्यामुळेही वाफ आत कोंडली. गार झाल्यावर बरणी दोन तृतीयांशच भरा, झाकण लावा आणि आठ-दहा दिवस रोज हलवत राहा. एखादा तुकडा जरा ओला राहिला असेल तर त्याची ओल सगळ्यांत वाटली जाते. काचेवर थेंब दिसले तर त्याच दिवशी सगळं बाहेर काढून पुन्हा वाळवायचं. बुरशी येईपर्यंत थांबायचं नाही. मी हे दिवस कधीच चुकवत नाही.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. बरणी रिकामी केली. घाम दिसला त्याच दिवशी काढायला हव्या होत्या, हे आता कळलं. पुढच्या आठवड्यात सफरचंदं करायची आहेत. त्यांनाही फरसबीसारखं उकळत्या पाण्यातून काढावं लागतं का?

प्रतिसाद १: गरज नाही. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि नीट निथळून मग ताटलीत पसरा. फोडी एकमेकींना चिकटू देऊ नका. आणि सफरचंद टोमॅटोसारखं वाजेपर्यंत वाळवू नका. गार फोड वाकली पाहिजे, पण दाबल्यावर ओल सुटता कामा नये.