आई म्हणते, "पिंडाला कावळा शिवायचा नाही." अवयवदानाचा फॉर्म भरायचाय, तिला कसं सांगू?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी माझा मोठा भाऊ कराडजवळ हायवेवर मोटारसायकलवरून पडला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, मेंदू मृत झालाय. मागोमाग समन्वयक बाई आल्या आणि अवयवदानाचं विचारलं. मी दादाचा हात धरून उभी होते. हात गरम होता, छाती वर-खाली होत होती. आदल्या रविवारी त्याने गेट रंगवलं होतं, तो हिरवा रंग नखांत तसाच. काका ओरडले, "पोरगं श्वास घेतंय आणि तुम्ही कापाकापीचं काय बोलता?" आत्या म्हणाली, पुढच्या जन्मी आंधळा होईल. बाबा गप्प, मीही गप्प. पहाटे हृदय थांबलं.

मंडळाच्या रक्तदान शिबिरात दादा दरवर्षी पहिला झोपायचा. त्याला काय हवं असतं, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. ते मला अजून खातं.

आता मला माझा फॉर्म भरायचाय. आईचं म्हणणं, अपुरा देह जाळला की जीव अडकतो. दादाच्या दहाव्याला कावळा दीड तास आला नव्हता. शेवटी मी हात जोडून म्हणाले, "तुझ्या मुलीचं शिक्षण मी करीन," तेव्हा शिवला. आई तो घाट विसरलेली नाही. तिला न दुखवता कसं सांगू?

निवृत्त_सिस्टर
ताई, बावीस वर्षं आयसीयूत काढलीत. हात गरम असणारच. व्हेंटिलेटर प्राणवायू देतो तोवर हृदय आपलं आपण चालतं. कोमातला माणूस परत येऊ शकतो, मेंदूमृत नाही. 1994 च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टर तपासतात, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा, आणि प्रत्यारोपण करणारे त्यात नसतात. डोळ्याच्या बाहुलीवर उजेड टाकतात, व्हेंटिलेटर थांबवून श्वास येतो का बघतात. हे तुम्हाला कुणी बसवून, पाणी देऊन सांगायला हवं होतं. उभ्या उभ्या सांगितलेलं त्या वेळी डोक्यात शिरत नाही. काकांवरही राग धरू नका.

एक मात्र लक्षात ठेवा. कार्ड असलं तरी घरच्यांच्या सहीशिवाय कुणी पुढे जात नाही. म्हणून आईला सांगायचंच, लपवून फॉर्म भरू नका. नेत्रदानापासून सुरुवात करा. ते घरी मृत्यू आला तरी होतं, सहा तासांच्या आत, आणि चेहरा विद्रूप होत नाही.

वाईकर
सगळं पटतं, पण आमच्या गावात लोक म्हणतात गरिबाचं काढून पैसेवाल्याला घालतात. त्याचं काय?

निवृत्त_सिस्टर
भीती खरी आहे, किडनीच्या खरेदी-विक्रीच्या बातम्या लोकांनी वाचल्यात. पण मेंदूमृत दात्याचे अवयव विभागीय समितीच्या प्रतीक्षायादीप्रमाणे जातात. आपल्याकडची समिती पुण्यात आहे. दात्याच्या घरच्यांना अवयव काढण्याचा खर्च लागत नाही.

एक_नवरा
माझी बायको साडेतीन वर्षं डायलिसिसवर होती, आठवड्यातून तीनदा. माझा रक्तगट जुळेना. तिच्या दोन्ही भावांना त्यांच्या घरच्यांनी अडवलं. आजारी मी असतो तर तिला कुणी विचारलंही नसतं, द्यायचीच म्हणून धरलं असतं. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, वॉर्डात बसून मी हेच बघितलं. शेवटी एका रात्री अडीच वाजता फोन आला. कुणाची किडनी, ते सांगत नाहीत.

सर्वपित्रीला आम्ही गच्चीवर एक पान जास्त ठेवतो, त्या माणसाचं. नाव-गोत्र माहीत नाही. बायको म्हणते, "ज्याने मला दिलं, त्याला." कावळा येतो, ताई. दरवर्षी येतो. आणि राग मानू नका, पण तुमच्या दादाचा देह तर अख्खा होता, तरी कावळा थांबलाच ना? त्याचा जीव मुलीत होता.

कृष्णाकाठ
काल रात्री आईला हे वाचून दाखवलं. शेवटचं दोनदा वाचायला लावलं. फॉर्मबद्दल हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. बराच वेळ भाजी निवडत बसली. मग म्हणाली, "त्यांना विचार, त्या पानात काय काय वाढतात?"

एक_नवरा
तांदळाची खीर, उडदाचे वडे, भोपळ्याची भाजी, कढी, भात. आणि थोडी दाण्याची चटणी, ती बायकोला फार आवडते म्हणून.